दगडाच्या मागच्या बाजूचं नाव

काचेच्या पेटीतली ती त्रिकोणी घडी मला आधी उशीच वाटली. निळं कापड, त्यावर पांढऱ्या चांदण्या, आणि कडा अशा की नुकतीच इस्त्री फिरवली असावी. फिलाडेल्फियाजवळ लेकीकडे राहायला गेले होते, तेव्हा शेजारच्या आजींनी चहाला बोलावलं होतं. वय पंच्याऐंशीच्या पुढे, घरात एकट्या. त्यांच्या बैठकीच्या खोलीत पुस्तकांच्या कपाटावर ती पेटी होती आणि तिला टेकून एका तरुण शिपायाचा काळा-पांढरा फोटो.

"हा झेंडा आहे?" मी विचारलं.

"त्याच्या शवपेटीवर घातलेला," त्या म्हणाल्या. "तिथेच घडी घालून माझ्या हातात दिला. तेव्हापासून उलगडलेला नाही."

मग त्या आत गेल्या आणि बिस्किटांचा एक गोल, निळा, पत्र्याचा डबा घेऊन आल्या. आपल्या घरांत असल्या डब्यातली बिस्किटं संपली की त्यात सुया-दोरे जातात. त्यांच्या डब्यात कागद होते. सगळ्यांत वर, प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेला, घड्यांवर विरलेला एक पिवळट कागद. नवरा १९५३ साली कोरियाहून परतला आणि लष्करातून सुटला, तेव्हा त्याला मिळालेला. "हा होता म्हणून बाकी सगळं झालं," त्या म्हणाल्या. त्या वाक्याचा पुरता अर्थ कळायला मला बरंच वाचावं लागलं. हे प्रकरण त्या वाचनातून आलं आहे.

सैनिकाचा अंत्यविधी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येतं ते सीमेवरून आलेलं पार्थिव, तिरंगा, गावातल्या शाळेच्या मैदानावर लोटलेली माणसं. अमेरिकेत माजी सैनिकांसाठीच्या सरकारी दफनव्यवस्थेचा लाभ घेणारे बहुसंख्य लोक रणांगणावर गेलेले नसतात. तरुणपणी दोन-चार वर्षं गणवेश घातलेला, पुढे चाळीस-पन्नास वर्षं कुणी टपाल वाटलं, कुणी ट्रक चालवला, कुणी शाळेत शिकवलं, आणि अखेर म्हातारपणी अंथरुणात प्राण सोडला. आजींचा नवरा सुतार होता. त्याच्यासाठी सरकारने जमीन दिली, कबर खणून दिली, दगड उभा केला, झेंडा दिला, आणि ती जागा कायम राखण्याची जबाबदारी घेतली. एक पैसा घेतला नाही. हे सगळं ज्या कायद्यातून निघालं, त्याच्या मुळाशी मात्र रणांगणच आहे.

१८६१ साली अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण यांच्यात यादवी युद्ध पेटलं, आणि माणसं इतकी मेली की पुरायची कुठे हा प्रश्न लष्करापुढे उभा राहिला. तोवर शिपाई जिथे पडेल तिथेच सोबती खड्डा करत, लाकडाच्या फळीवर नाव खरडत आणि पुढे जात. १७ जुलै १८६२ रोजी काँग्रेसने राष्ट्राध्यक्ष लिंकन यांना, देशाच्या सेवेत मरण पावलेल्या सैनिकांसाठी जमिनी विकत घेऊन राष्ट्रीय दफनभूमी उभारण्याचा अधिकार दिला. त्याच वर्षी १४ दफनभूमी ठरल्या. युद्ध संपल्यावर खरं काम सुरू झालं. शेतांतून, ओढ्याकाठांतून, इस्पितळांच्या परसांतून उत्तरेच्या सुमारे तीन लाख शिपायांचे अवशेष उकरून काढले आणि या दफनभूमींत आणून पुरले. काम संपेतो १८७० उजाडून गेलं होतं. जवळजवळ निम्म्यांची नावं लागली नाहीत. त्यांच्या वाट्याला सहा इंची चौकोनी दगडी ठोकळा आणि त्यावर एक आकडा आला.

या साऱ्यातली सर्वांत प्रसिद्ध जागा म्हणजे वॉशिंग्टनसमोर, नदीपलीकडच्या टेकडीवरचं आर्लिंग्टन. तिची कथा विचित्र आहे. ही वाडी मेरी कस्टिस ली यांच्या वडिलोपार्जित मालकीची, आणि त्यांचे पती रॉबर्ट ई. ली म्हणजे दक्षिणेच्या फौजांचे सेनापती. युद्धात सरकारने या मालमत्तेवर ९२ डॉलर ७ सेंट कर बसवला. मालकाने स्वतः येऊन तो भरावा, असा आग्रह धरला गेला. मेरीबाई संधिवाताने जखडलेल्या, त्यातून शत्रूच्या मुलखात. त्यांनी आपल्या नातेवाइकाला पैसे घेऊन पाठवलं. पैसे घेतले गेले नाहीत, आणि करापोटी लिलावात सरकारनेच वाडी विकत घेतली. १३ मे १८६४ रोजी विल्यम ख्रिसमन नावाच्या, लढाईचं तोंडही न पाहिलेल्या आणि आजारपणात गेलेल्या पोरसवदा शिपायाला तिथे पुरलं. ती तिथली पहिली लष्करी कबर. लष्कराच्या पुरवठा विभागाचे प्रमुख माँटगोमेरी मेग्ज यांनी तर थेट घराजवळ, मेरीबाईंच्या फुलबागेच्या कडेने कबरी खणायला लावल्या. ली कुटुंबाला इथे परत नांदता येऊ नये, हा त्यामागचा हेतू. त्याच वर्षी ऑक्टोबरात मेग्ज यांचा स्वतःचा मुलगा युद्धात मारला गेला. आज तो आर्लिंग्टनमध्येच आहे. पुढे लींच्या मुलाने दावा लावला. १८८२ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल त्याच्या बाजूने दिला, आणि सरकारने दीड लाख डॉलर मोजून तीच जमीन रीतसर विकत घेतली. सुडातून सुरू झालेल्या जागेचं पुढे तीर्थ झालं.

सुरुवातीचा कायदा फक्त सेवेत असताना मेलेल्यांसाठी होता. जगून वाचून परत आलेला, पण नंतर कंगाल होऊन मेलेला शिपाई त्यात बसत नव्हता. अशांना गावोगावच्या भिकाऱ्यांच्या दफनभूमीत पुरलं जाई. लोकांना हे सहन होईना. १८७२ मध्ये निर्धन माजी सैनिकांना जागा मिळाली, आणि पुढच्याच वर्षी सन्मानाने सेवामुक्त झालेल्या उत्तरेच्या प्रत्येक सैनिकाला. माझ्या मते या साऱ्या इतिहासात १८७३ हे वर्ष सर्वांत मोलाचं. त्या वर्षी देशाने मान्य केलं की सैनिकाचं ऋण त्याच्या मरणाशी बांधलेलं नाही, ते त्याच्या सेवेशी बांधलेलं आहे. आजींचा सुतार नवरा ज्या दारातून आत गेला, ते दार तेव्हा उघडलं.

त्याच वर्षी दगडाचंही ठरलं. तोवर कबरींवर लाकडी फळ्या होत्या. एक फळी सव्वा डॉलरच्या आसपास पडे आणि पाचेक वर्षांत कुजून जाई. तीन लाख कबरींच्या फळ्या दर पाच वर्षांनी बदलायच्या म्हणजे काय खर्च, याचा हिशेब कुणी तरी मांडला आणि संगमरवर स्वस्त ठरला. चार इंच जाड, दहा इंच रुंद, जमिनीवर फूटभर उंच, माथ्याला किंचित गोलाई. आजचा उभा दगड थोडा मोठा आहे. ४२ इंच लांब, १३ इंच रुंद, ४ इंच जाड, वजन सुमारे २३० पौंड, म्हणजे शंभर किलोंच्या वर. त्यातला बराच भाग जमिनीत जातो. शिपाई असो वा सेनापती, सरकारी दगड एकाच मापाचा. हुद्दा कोरतात, पण हुद्द्याने दगडाची उंची वाढत नाही. पुण्यात खडकीची युद्ध-दफनभूमी ज्यांनी पाहिली आहे, त्यांच्या डोळ्यांपुढे पांढऱ्या दगडांच्या त्या सरळ रांगा लगेच येतील. तिथेही नियम तोच, सर्वांना सारखा दगड. पण खडकीतली व्यवस्था राष्ट्रकुलाची आहे आणि ती महायुद्धांत गेलेल्यांसाठी. म्हातारपणी घरी वारलेला माजी सैनिक आणि त्याची बायको तिच्या कक्षेत येत नाहीत.

अमेरिकेत बायको येते. सैनिकाच्या पत्नीला किंवा पतीला त्याच राष्ट्रीय दफनभूमीत, बहुतेक वेळा त्याच कबरीत जागा मिळते. जो आधी जाईल त्याला खोल ठेवतात, आणि दुसऱ्याची जागा त्याच्या वर. जोडीदार सैनिकाच्या आधी गेला तरी हक्क बुडत नाही. सज्ञान न झालेल्या मुलांना आणि लहानपणापासून अपंगत्वामुळे स्वतःच्या पायावर उभं राहू न शकलेल्या अविवाहित मुलांनाही तिथे जागा आहे. विधवेने पुन्हा लग्न केलं तर काय, हा प्रश्न बरीच वर्षं छळत होता. पूर्वी दुसरं लग्न म्हणजे पहिल्या नवऱ्याशेजारची जागा गेली, असाच अर्थ होई. आता १ जानेवारी २००० किंवा त्यानंतर वारलेल्या अशा स्त्रीला, तिचा दुसरा नवरा सैनिक नसला तरी, पहिल्या नवऱ्याजवळ जागा मिळू शकते. उभ्या दगडाच्या पुढच्या अंगावर सैनिकाचं नाव असतं, मागच्या अंगावर जोडीदाराचं.

१९७३ पासून या दफनभूमींचा कारभार लष्कराकडून माजी सैनिकांच्या खात्याकडे आला. आर्लिंग्टन मात्र लष्कराकडेच राहिलं, आणि जागेच्या टंचाईमुळे तिथले नियम फार कडक आहेत. खात्याकडे आज दीडशेहून अधिक राष्ट्रीय दफनभूमी आहेत, शिवाय राज्यांनी आणि आदिवासी जमातींनी खात्याच्या अनुदानातून उभारलेल्या वेगळ्या.

कुटुंबाला आपल्या गावच्या चर्चजवळच पुरायचं असेल तर? तरीही दगड मिळतो, झेंडा मिळतो, राष्ट्राध्यक्षांच्या सहीचं कृतज्ञतापत्र मिळतं. ही पत्राची प्रथा केनेडींनी १९६२ मध्ये सुरू केली. पण जमिनीचे आणि खणण्याचे पैसे घरच्यांनी भरायचे, आणि तिथे पुरलेल्या पत्नीला स्वतंत्र सरकारी दगड नाही. घरच्यांनी आधीच आपला दगड घेतला असेल तर त्यावर बसवायला ब्राँझचं पदक देतात. रोख रक्कम फार मोठी नाही. लष्करी सेवेमुळेच मरण आलं असेल तर २,००० डॉलरपर्यंत, एरवी पात्र कुटुंबांना त्याच्या निम्म्याच्या आसपास. अमेरिकेत साधा अंत्यविधीसुद्धा सात-आठ हजार डॉलरला सहज जातो, त्यापुढे हा आधार तोकडा आहे. म्हणूनच राष्ट्रीय दफनभूमीतली फुकट जागा गरीब घरांना इतकी महत्त्वाची वाटते.

आपल्याला लगेच पडणारा प्रश्न दहनाचा. ज्यांचं दहन होतं त्यांचा अस्थिकलश जमिनीत पुरता येतो किंवा भिंतीतल्या कोनाड्यात ठेवता येतो. पण रक्षा विसर्जित केली, पुरायला काहीच उरलं नाही, तर? त्यासाठी प्रत्येक मोठ्या दफनभूमीत आठवणीच्या दगडांचा वेगळा भाग असतो. ज्यांचे देह कधी सापडले नाहीत, जे समुद्रात गेले, ज्यांची रक्षा विखुरली, त्यांचे दगड तिथे 'यांच्या स्मरणार्थ' या शब्दांनी सुरू होतात. रामकुंडावर अस्थी सोडून रिकाम्या हाताने परतणाऱ्या घराला या भागाचं मोल सांगावं लागणार नाही. नौदलाकडे आणखी एक वाट आहे. कलश किंवा शवपेटी कामगिरीवर निघालेल्या जहाजातून नेऊन समुद्रात सोडतात. घरच्यांना जहाजावर जाता येत नाही. नंतर जहाजाचा कप्तान त्यांना कळवतो, कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या अक्षांश-रेखांशावर. थडग्याऐवजी ते दोन आकडे घरात राहतात.

दगडावर धर्माचं चिन्ह कोरता येतं. मान्य चिन्हांची यादी सत्तरच्या पुढे गेली आहे. त्यात क्रूस, दाविदाचा तारा, चंद्रकोर, बौद्धांचं धर्मचक्र आहे, हिंदूंचा ॐ आहे, नास्तिकांसाठीही चिन्ह आहे. ही यादी आपोआप लांबली नाही. २००५ साली अफगाणिस्तानात मारल्या गेलेल्या सार्जंट पॅट्रिक स्टुअर्ट हे 'विका' नावाच्या पंथाचे. त्यांची पत्नी रोबर्टा यांनी नवऱ्याच्या नावाजवळ त्या पंथाचा पंचकोनी तारा मागितला, आणि खात्याने तो यादीत नाही म्हणून नाकारला. त्या थांबल्या नाहीत. खटला झाला, आणि २००७ मध्ये तडजोड होऊन तारा यादीत आला. ज्या देशासाठी माणूस मेला, त्याच्याच दारात त्याच्या बायकोला दीड वर्ष उभं राहावं लागलं.

इथेच मला या विषयातला खरा धागा दिसतो. दगड सगळ्यांना सारखा, हे तत्त्व १८७३ पासूनचं. पण 'सगळे' म्हणजे कोण, यावर मात्र भांडण चालूच राहिलं आणि ते बहुतेक वेळा कुणाच्या तरी बायकोने, आईने पुढे नेलं. यादवी युद्धात लढलेल्या कृष्णवर्णीय सैनिकांना दफनभूमीच्या वेगळ्या भागात पुरलं जाई. ही वर्णभेदाची रेघ १९४८ मध्ये पुसली. आर्लिंग्टनच्या सत्ताविसाव्या भागात अशा सैनिकांच्या शेजारीच गुलामीतून सुटलेल्या साध्या माणसांच्या कबरी आहेत, आणि त्यांच्या दगडांवर कोरलं आहे 'नागरिक'. जिवंतपणी त्यातल्या कित्येकांना हा शब्द स्वतःबद्दल ऐकायलाही मिळाला नव्हता.

पहिल्या महायुद्धानंतर प्रत्येक घराला विचारलं गेलं, मुलाला फ्रान्समध्येच ठेवायचं की घरी आणायचं? सुमारे ४६,००० देह परत आले, ३०,००० च्या आसपास तिथेच राहिले. ज्या आयांनी मुलाला तिथेच ठेवलं, त्यांना १९३० ते १९३३ या काळात सरकारने आपल्या खर्चाने कबरीपर्यंत नेऊन आणलं. जवळजवळ ६,७०० आया आणि विधवा गेल्या. कृष्णवर्णीय आयांना वेगळ्या, कमी दर्जाच्या बोटींतून नेलं. काहींनी अशी यात्राच नाकारली. मुलाच्या कबरीपर्यंत जायची एकमेव संधी, आणि ती आपल्या मानासाठी सोडायची, हे त्या बायकांनी कसं पेललं असेल?

१९४९ ची गोष्ट टेक्सासमधल्या थ्री रिव्हर्स गावची. फेलिक्स लोंगोरिया हा मेक्सिकन वंशाचा शिपाई १९४५ साली फिलिपिन्समध्ये लुझोन बेटावर मारला गेला. अवशेष परत यायला चार वर्षं लागली. पत्नी बिआत्रिस यांनी गावातल्या अंत्यसंस्कारगृहात रात्रभर दर्शनासाठी जागा मागितली. मालकाने नकार दिला, गोऱ्यांना ते आवडणार नाही म्हणून. डॉ. हेक्टर गार्सिया यांनी नुकतीच मेक्सिकन वंशाच्या माजी सैनिकांची संघटना काढली होती. त्यांनी खासदारांना तारा केल्या. नुकतेच सिनेटवर निवडून आलेले लिंडन जॉन्सन यांचं उत्तर तातडीने आलं. १६ फेब्रुवारी १९४९ रोजी फेलिक्स लोंगोरिया आर्लिंग्टनच्या मातीत विसावला. दोन वर्षांनी आयोवात सार्जंट जॉन राइस या आदिवासी सैनिकाचा दफनविधी चालू असताना खाजगी दफनभूमीच्या लोकांनी तो थांबवला, कारण जागेच्या करारात लिहिलं होतं, फक्त गोऱ्यांसाठी. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांना ते कळलं आणि त्यांनी राइस यांनाही आर्लिंग्टनला आणवलं. या दोन्ही वेळी सरकारचं दार गावच्या दारापेक्षा रुंद ठरलं. म्हणून मला ही राष्ट्रीय दफनभूमी नुसती सवलत वाटत नाही.

नंतरही हक्कदारांची यादी वाढत गेली. दुसऱ्या महायुद्धात माल वाहणाऱ्या व्यापारी जहाजांवरचे खलाशी, लाओसच्या जंगलात अमेरिकेच्या बाजूने लढलेले हमोंग, २०१३ पासून समलिंगी जोडीदार. एकदा ती आकुंचनही पावली. ओक्लाहोमा सिटीत बाँब ठेवून १६८ जणांचा जीव घेणारा टिमथी मॅकव्हे हा आखाती युद्धातला माजी सैनिक होता. नियमाने त्यालाही राष्ट्रीय दफनभूमीत जागा मिळाली असती. १९९७ मध्ये कायदा बदलला, आणि देहदंडाला पात्र गुन्ह्यात दोषी ठरलेल्याचा हा हक्क काढून घेतला.

आता तो पिवळट कागद. १९५० पासून लष्करातून सुटणाऱ्या प्रत्येकाला एक दाखला मिळतो. 'डीडी-२१४' हे त्याचं नाव अमेरिकेतल्या प्रत्येक माजी सैनिकाच्या घरात तोंडपाठ असतं. माणूस किती काळ, कुठे, कसा राहिला आणि कोणत्या शेऱ्याने सुटला, ते त्यात असतं. बडतर्फीचा कलंक असेल तर दफनभूमीचं दार बंद. हा दाखला हरवला तर सरकारी अभिलेखागारात नक्कल मिळते. पण १२ जुलै १९७३ च्या मध्यरात्री सेंट लुईसमधल्या त्या अभिलेखागाराच्या वरच्या मजल्याला आग लागली. तिथे पाणी फवारणारी यंत्रणा नव्हती. आग चार दिवसांहून जास्त धुमसली, आणि १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख सैनिकांच्या नस्ती गेल्या. १९१२ ते १९६० या काळात भूदलातून सुटलेल्यांपैकी सुमारे ८० टक्के लोकांची कागदोपत्री सेवाच नाहीशी झाली. दोन्ही महायुद्धं आणि कोरिया, सगळे त्यात आले. पगारपत्रकं, इस्पितळाच्या नोंदी जुळवून आजही त्या नस्ती नव्याने उभ्या केल्या जातात, पण त्याला वेळ लागतो, आणि घरात मृतदेह असताना वेळच नसतो.

आजींच्या नवऱ्याची नस्त त्या आगीत गेली असण्याची शक्यता मोठी होती. त्यांच्याकडे बिस्किटांचा डबा होता. नवरा पहाटे गेला. दुपारी मुलाने सेंट लुईसच्याच दफन-नोंदणी कार्यालयाला फोन करून दाखल्याची प्रत पाठवली, आणि संध्याकाळपर्यंत दिवस आणि वेळ ठरली. २०१६ च्या अखेरीपासून जिवंतपणीच अर्ज करून पात्रता ठरवून घेण्याची सोय झाली आहे. जागा राखून ठेवत नाहीत, पण आपण बसतो की नाही हे आधी कळतं. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी घरांतली मुलंमुली आता तिथल्या सैन्यात आहेत. त्यांच्या आईवडिलांनी हा दाखला नेमका कुठे ठेवला आहे ते घरातल्या दोघातिघांना सांगून ठेवावं, एवढं मी कळकळीने लिहीन.

मानवंदनेचा कायदा त्या मानाने नवा. १ जानेवारी २००० पासून, कुटुंबाने मागितलं तर प्रत्येक पात्र माजी सैनिकाच्या अंत्यविधीला गणवेशातले निदान दोन जण आलेच पाहिजेत, त्यातला एक त्याच्याच दलाचा. त्यांनी झेंड्याची घडी घालायची, ती जवळच्या नातलगाच्या हाती द्यायची, आणि 'टॅप्स' ही धून वाजवायची. २४ स्वरांची ही धून १८६२ च्या जुलैत व्हर्जिनियातल्या छावणीत जनरल बटरफिल्ड यांनी बसवून घेतली, ती मुळात दिवे मालवण्याच्या इशाऱ्यासाठी. आता खरे बिगुल वाजवणारे पुरत नाहीत. म्हणून बिगुलाच्या तोंडात एक ध्वनियंत्र बसवतात. शिपाई बिगुल ओठांना लावून उभा राहतो आणि धून यंत्रातून येते. मला हे वाचून वाईट वाटलं होतं. आजींना विचारलं तर त्या म्हणाल्या, "मला तेव्हा कळलंच नाही. मी त्या पोराचे हात बघत होते, थरथरत होते ते."

झेंडा साडेनऊ फूट लांब, पाच फूट रुंद. ताऱ्यांचा भाग डोक्याकडे, डाव्या खांद्यावर येईल असा तो शवपेटीवर पसरतात. कबरीत जाऊ देत नाहीत, जमिनीला लागू देत नाहीत. आधी लांबीत दोनदा दुमडायचा, मग पट्ट्यांच्या टोकाकडून त्रिकोणाच्या घड्या घालत ताऱ्यांकडे यायचं. दोघं समोरासमोर उभे, बोलत काही नाहीत. प्रत्येक घडीवरून तळवा फिरतो. शेवटी लाल रंग कुठेही दिसता कामा नये. मग एक जण गुडघा टेकतो आणि राष्ट्राध्यक्षांच्या, आपल्या दलाच्या आणि कृतज्ञ देशाच्या वतीने तो त्रिकोण मांडीवर ठेवतो. "दोघंही माझ्या नातवाच्या वयाचे," आजी म्हणाल्या. "माझ्या नवऱ्याचं नावही त्यांना सकाळीच कळलं असेल. तरी त्यातल्या एकाचे डोळे भरले होते."

कुणीच नसतं तेव्हा? १९४८ मध्ये हवाईदल प्रमुखांच्या पत्नी ग्लॅडिस व्हँडेनबर्ग यांनी आर्लिंग्टनमध्ये असे दफनविधी पाहिले, जिथे पाद्री आणि शिपाई सोडले तर एकही माणूस नव्हता. त्यांनी मैत्रिणींना गोळा केलं. आजही 'आर्लिंग्टन लेडीज' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बायका तिथल्या विधींना उभ्या राहतात, ऊन असो वा बर्फ, कुटुंबाला हाताने लिहिलेलं पत्र देतात. अंत्यसंस्कारगृहांच्या फडताळांत वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या बेवारस अस्थिकलशांतून माजी सैनिक शोधून काढणारे स्वयंसेवकही आहेत, आणि २०१३ च्या कायद्यानंतर अशांच्या शवपेटीचा वा कलशाचा खर्च खातं देतं.

परतायच्या आदल्या रविवारी लेकीने आम्हा दोघींना दफनभूमीत नेलं. पाऊण तासाचा रस्ता. आजींना रांग आणि आकडा पाठ होता, नकाशा लागला नाही. दगडावर नाव, दल, दोन तारखा, 'कोरिया', वर क्रूस. त्यांनी पर्समधून रुमाल काढून माथ्यावरची पक्ष्याची घाण पुसली, हिवाळ्यात रुतलेलं एक पान खरवडून काढलं. मग मला म्हणाल्या, "फोटो काढ. पुढचा एक, मागचा एक."

"मागे तर काही नाही."

"तिथे मी येणार."

मी दोन्ही काढले. पुढच्या फोटोत आजी दगडावर हात ठेवून उभ्या आहेत. मागच्या फोटोत पांढरा संगमरवर आहे, खाली कापलेलं गवत, आणि कडेला त्यांच्या कोटाची बाही.